फौजदारीणबाई आणि मखमलीचा पडदा

"पण-बिण काही नाही, मास्तर. घडी मी सांगते तशीच पडणार. तागा या टोकाकडून त्या टोकाला न्या, तिथे दुमडा, परत इकडे आणा. रिकाम्या हातानं टेबलाला फेऱ्या मारायला वेळ नाही आपल्याकडे."

"बाई, ही मखमल आहे."

"मखमल आहे ते दिसतंय मला. डोळे आहेत."

"तसं नाही, मखमलीला काय असतं—"

"मास्तर, कातर तुमच्या हातात आहे, तोंडात नाही. चालवा."

मास्तरांनी ओठ मिटले. बासष्ट वर्षांचा माणूस, पण रुसला की खालचा ओठ असा पुढे यायचा की त्यावर बोटातलं अंगुस्तान ठेवलं असतं तर पडलं नसतं. त्यांनी डाळिंबी मखमलीचा तागा उचलला आणि सांगितल्याप्रमाणे नऊ मीटर लांब टेबलावर इकडून तिकडे, तिकडून इकडे पसरला. मग दोन्ही टोकांच्या घड्या कापल्या. चोवीस पट्टे झाले, प्रत्येक सात मीटरचा. नाट्यगृहाच्या नव्या पडद्याचे बारा पट्टे डावीकडचे, बारा उजवीकडचे. काम दुपारच्या आत उरकलं आणि बाई खूश झाल्या.

बाई म्हणजे शिवणाच्या कारखान्यातल्या फौजदारीणबाई. हे नाव त्यांना कुणी कागदावर दिलेलं नव्हतं, पण गल्लीतला चहावालासुद्धा "फौजदारीणबाईंचा चहा कमी साखरेचा" असंच म्हणायचा. समोर सगळ्या त्यांना नुसतं "बाई" म्हणत. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र दोघींचा. घरातही त्या "जेवण!" म्हणाल्या की नवरा आधी हात धुवायचा आणि मग विचार करायचा, आपल्याला भूक लागलीय का.

एकोणिसाव्या वर्षी त्या या कारखान्यात काजं करायला आल्या. लांबलचक खोली, सहा खिडक्या, दोन्ही बाजूंना मिळून तेवीस मशीन्स आणि मधोमध ते टेबल. तेव्हा कारभार मालक स्वतः बघायचे. मालक म्हणजे लोण्याचा गोळा. त्यांचं सगळं विचारून चालायचं. बटण पांढरं लावू की दुधी, हेही ते तेवीस जणींना विचारायचे आणि चोवीस उत्तरं घेऊन परत जायचे. खेप उशिरा गेली नाही असा महिना जायचा नाही. पण खोटं का बोला, त्यात एक गंमतही होती. कोट आतून न टोचता अस्तर कसं लावायचं हे एका साध्या शिवणारणीनं सुचवलं होतं, आणि मालकांनी ते तिच्याच नावानं सगळ्यांना शिकवलं होतं. त्या काळात काम सोडून कुणी गेलं नाही. मालक मोठ्यानं बोलले असं कुणाला आठवत नाही.

मग एके दिवशी इस्त्रीची वायर पेटली. शेजारीच सुती कापडाचे गठ्ठे. धूर झाला, बायका ओरडायला लागल्या, आणि मालक दारात उभे राहून म्हणाले, "आता काय करूया गं?"

काजंवाली उठून उभी राहिली. तेव्हा तिला कुणी बाई म्हणत नव्हतं. ती म्हणाली, "तू मेन स्विच पाड. तुम्ही चौघी गठ्ठे ओढा, हातानं नको, काठीनं. बाकीच्या मागच्या दारानं, पळायचं नाही, चालायचं. मालक, दारातून बाजूला व्हा!" मालक बाजूला झाले. तेवीस जणी आणि मास्तर बाहेर आले, एकीचं नखही भाजलं नाही. दोन गठ्ठे जळाले तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून फौजदारीण हे नाव पडलं. पुढे मालकांचे गुडघे गेले, जिना चढवेना, तेव्हा त्यांनी किल्ल्या हिच्याच हातात दिल्या.

त्याला आता तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत बाईंनी कारखाना त्या आगीच्या दिवशी चालवला होता तसाच चालवला. कामावर असताना गप्पा नाहीत, सूचना नाहीत, शंका नाहीत. कारखान्याकडे तेव्हा मुख्यतः शाळांचे गणवेश होते. हजार सदरे, हजार अर्ध्या विजारी. सगळे सारखे. तिथे कुणाला काय विचारायचं? हुकूम सोडला की काम सुटायचं. एकही खेप उशिरा गेली नाही. बाईंना वाटलं, आपल्याला गाडी चालवायची किल्ली सापडली.

या महिन्याच्या पहिल्या तारखेला मालक रिक्षातून आले आणि खालीच खुर्ची टाकून बसले.

"हे बघ," ते म्हणाले, "वर्षभर एकट्या गणवेशांवर आता भागत नाही. एकजण ही जागा गोदामासाठी मागतोय. महिनाअखेरीला मी त्याला हो किंवा नाही सांगणार. नाट्यगृहाचा पडदा नीट झाला तर आणखी दोन नाट्यगृहं थांबलीत आपल्यासाठी. मग कारखाना चालू, आणि तूच चालव. नाही जमलं, तर मला सही करावी लागेल गं. रागावू नकोस."

"जमेल," बाई म्हणाल्या. वर येऊन हे सगळ्यांना सांगितलंही. काय पणाला लागलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही घडी तशीच पडली.

मंगळवारी पडदा टांगला. नाट्यगृहाच्या चार माणसांनी दोर ओढले, मखमल सळसळत वर गेली, आणि रंगमंचावरचे दिवे लागले.

एक पट्टा गडद, एक फिका. एक गडद, एक फिका. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

नाट्यगृहाचे व्यवस्थापक किडकिडीत गृहस्थ होते, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी मान तिरकी करून बराच वेळ बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "मी पडदा सांगितला होता. हा पायजमा कुणाचा?"

बाईंनी पुढे जाऊन पट्ट्यावरून वरून खाली हात फिरवला. गुळगुळीत. शेजारच्या पट्ट्यावरून तसाच फिरवला. खरखरीत, मांजराला शेपटीकडून डोक्याकडे कुरवाळावं तसा. मखमलीला लव असते. लव खाली बसली की कापड उजळ दिसतं, वर उभी राहिली की काळपट. तागा दुमडून परत आणला की दर दुसऱ्या पट्ट्याची लव उलटी होते. मास्तरांना जे सांगायचं होतं ते एवढंच होतं.

"शनिवारी संध्याकाळी पहिला प्रयोग," व्यवस्थापक म्हणाले. "दुपारी बारापर्यंत हा पडद्यासारखा दिसला तर ठीक. नाहीतर जुनाच टांगतो. तुमच्या मालकांनाही बोलावलंय मी शनिवारी."

बुधवारी सकाळी पडदा गाठोड्यात बांधून परत कारखान्यात आला. बाई टेबलाच्या टोकाशी उभ्या राहिल्या.

"हे कुणालाच दिसलं नव्हतं?"

मग तिसऱ्या मशीनवरून आवाज आला. ती बाईंची धाकटी नणंद, जिभेनं कापड कापणारी.

"दिसलं होतं की."

"कधी, वन्सं?"

"दुसरा पट्टा जोडताना. एक गुळगुळीत, एक खरखरीत. चष्मेवालीलाही दिसलं, तिला तर चष्मा काढूनही दिसलं असतं."

"मग दातखीळ बसली होती का?"

"छे गं वहिनी. मागच्या महिन्यात मी काहीतरी बोलले तर तूच म्हणालीस, वन्सं, घरचं नातं घरी, इथे मशीन जेवढं बोलेल तेवढंच मला ऐकायचंय. मशीन काही बोललं नाही बाई."

कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्याचं निमित्त केलं.

"मास्तर, तुम्ही तरी?"

"माझ्या हातात कातर होती," मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

बाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आणि माणूस अडचणीत सापडला की जे येतं तेच करतो. त्या ओरडल्या, "उसवा! सगळं उसवा! बाराच्या आत मला चोवीस पट्टे सुटे पाहिजेत. हात चालवा, भराभर!"

अर्धा तास नुसती उसवायच्या पात्यांची किरकिर. बाई रांगेतून येरझाऱ्या घालत होत्या. सातव्या मशीनवाल्या बाईच्या मागे त्या थांबल्या, तसं तिचं पातं शिवणीतून निसटलं आणि मखमलीत घुसलं. बोटभर भोक. त्या ताग्याची मखमल आता बाजारात नव्हती. तो रंग संपला होता.

सातवीनं मान वर केली नाही. तिनं भोकावर हात ठेवला होता. याच हातानं कॉलरीची टोकं अशी निघत की मापानं मोजून घ्यावीत. दहा वर्षं बाईंनी तो हात बघितला होता, काही लपवताना कधी बघितला नव्हता.

"थांबा सगळ्याजणी," बाई म्हणाल्या. "पाती खाली ठेवा."

त्यांनी एक स्टूल ओढलं आणि बसल्या. कारखान्यात त्यांना बसलेलं बघायची कुणालाच सवय नव्हती. दोघीतिघी उगाचच उभ्या राहिल्या.

"मला हे काम येत नाही," बाई म्हणाल्या. शब्द बाहेर यायला अडखळत होते, गाठ पडलेला दोरा सुईतून ओढावा तसे. "गणवेश येतात. मखमल येत नाही. घडी चुकली ती माझी, मास्तरांची नाही. आता यातून कसं निघायचं, कुणाला सुचतंय का?"

"तारीख लिहून ठेवा गं कुणीतरी," नणंद म्हणाली.

या वेळी सगळ्या उघड हसल्या. बाईंनाही हसू आलं, पण त्यांनी ते नाकातच अडवलं.

पण तीन वर्षं मिटलेली तोंडं अशी एका हाकेत उघडत नाहीत. बाई बसून राहिल्या. चहावाला येऊन गेला, कप रिकामे झाले, आणि मग मागच्या रांगेतली सोफेवाली घसा खाकरून बोलली. ती दोन महिन्यांपूर्वीच आली होती, आधी सोफ्यांना गवसण्या शिवायची.

"उलटे पट्टे डोक्यावर उभे करायचे, बाई. वरची बाजू खाली. लव आपोआप सरळ होईल. बाराच पट्टे तर आहेत. पण शिवणी मात्र सगळ्याच सोडाव्या लागतील."

"अगं पण टाके!" चष्मेवाली म्हणाली. ती हातशिलाईची, कारखान्यातली सगळ्यात बारीक नजर तिची. "मखमलीला सुई लागली की वळ राहतात. पडदा टांगायला वर लावलेल्या कॅनव्हासच्या पट्टीचे वळ खाली येतील, पहिल्या रांगेतल्या माणसाच्या नाकासमोर."

मग मास्तरांचा ओठ हळूहळू आत गेला.

"एक 'पण' मी घातला तर चालेल का आता?" ते म्हणाले.

"घाला मास्तर. दोन घाला."

मास्तरांनी टेप काढला. "कॅनव्हासची पट्टी चार बोटं रुंद. खालची दुमड मी वीतभर ठेवलीय, आत वजनाची साखळी जायची म्हणून. म्हणजे वरचे वळ खाली आले तरी दुमडीच्या पोटात जातील, बाहेर दिसणार नाहीत. आणि खालच्या दुमडीचे वळ वर जातील, तिथे नाट्यगृहाची झालर आहे. ती झाकेल. लांबीत सुताचाही फरक पडत नाही."

"आणि माझं भोक?" सातवीनं विचारलं. ती इतकं हळू बोलली की शेजारणीनं तिचं वाक्य पुन्हा म्हटलं.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सारून भोक बघितलं. "शिवणीपासून दोन बोटांवर आहे. त्या पट्ट्याची शिवण तीन बोटं आत घे. गिळून टाकेल."

त्या क्षणापासून मापाचा कारभार मास्तरांकडे गेला. बाईंनी तसं जाहीर केलं नाही. त्यांनी एक पातं उचललं, मास्तरांच्या समोर बसल्या आणि विचारलं, "मी कुठून सुरू करू?" मास्तरांनी त्यांना सगळ्यात सोपी शिवण दिली. बाईंना ते कळलं. त्यांनी ती उसवायला घेतली.

उसवणं कुणाच्या घाईनं होत नव्हतं. प्रत्येकीची आपली चाल होती. एक गुणगुणत उसवायची, एक डोळे अर्धवट मिटून. चष्मेवालीच्या मागे उभं राहिलं की तिचे टाके मोठे पडतात, हे बाईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं. त्या तिथून दूर झाल्या. टाके पुन्हा बारीक झाले.

गुरुवारी मात्र घोळ झाला. पट्टे सुटले, पण शिवणीजवळची लव दबून बसली होती. ती उठवायची कशी? मास्तर म्हणाले, कापड हवेत धरून पाठीमागून वाफ द्यायची. सोफेवाली म्हणाली, ओलं फडकं आणि ब्रश. मग प्रत्येकीला एकेक आत्या आठवली, जिनं एकदा मखमल धुतली होती. नणंद म्हणाली थांबूया, संध्याकाळपर्यंत काहीतरी सुचेल. तासभर मशीन्स बंद. मास्तर आणि सोफेवाली एकमेकांकडे बघेनासे झाले.

बाई ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर दारात उभे राहिलेले मालक आले. त्या उठल्या.

"बास. ऐकून झालं. दोन चिंध्या आणा. मास्तर, तुमची वाफ या चिंधीला. सोफेवालीबाई, तुमचा ब्रश त्या चिंधीला. दहा मिनिटं."

दहा मिनिटांनी दोन्ही चिंध्या खिडकीत धरल्या. ब्रशवाली चकचकत होती, तेल लावलेल्या भांगासारखी. वाफेवालीची लव उठली होती, नव्या मखमलीसारखी.

"मास्तरांचं करायचं," बाई म्हणाल्या. "सोफेवालीबाई, पट्टे उलटवायची अक्कल तुमची होती, ती कुणी काढून घेत नाही. पण वाफ मास्तरांची. आता यावर जी बोलेल तिनं सगळ्यांचा चहा करायचा."

नणंदेनं तोंड उघडलं, मिटलं आणि मशीनकडे वळली.

शुक्रवारी बारा-बारा पट्टे जोडून पडद्याचा एकेक पाखा तयार होऊ लागला. तो मशीनवरून पुढे सरकवणं म्हणजे भिजलेला तंबू उचलण्यासारखं होतं. दहाजणी एका बाजूला, मधे मशीन, मशीनवर सातवी. एकीनं जरी आधी ओढलं असतं तरी सुई मोडून मखमल फाटली असती. तिथे विचारायला फुरसत नव्हती.

"सगळ्याजणी माझ्याकडे बघा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा तो आवाज सुटला, खालच्या गल्लीपर्यंत. "उचला! पुढे! थांब! सातवी, चालव! थांब! उचला!"

"हां," चष्मेवाली कापडाच्या ओझ्याखालून म्हणाली, "आता ओरडा बाई. आता बरं वाटतंय."

शनिवारी अकरा वाजता पडदा पुन्हा टांगला. मालक काठी टेकत पहिल्या रांगेत बसले होते. व्यवस्थापकांनी दिवे लावायला सांगितले. रंगमंचाच्या कडेला मास्तर, नणंद आणि सातवी उभे होते. बाईंनी डोळे मिटलेच होते, नणंदेनं कोपर मारलं तेव्हा उघडले.

डाळिंबी. वरपासून खालपर्यंत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच डाळिंबी.

व्यवस्थापक पडद्यापाशी गेले. दुमड उचलून बघितली, साखळी हलवून बघितली, मागे येऊन खाली वाकून बघितलं. चूक सापडत नाही म्हणून ते थोडे नाराजच दिसले.

"पायजमा गेला," ते शेवटी म्हणाले आणि किल्ल्या खुळखुळवत निघून गेले.

मालकांनी बाईंना जवळ बोलावलं. "चार दिवसांत कसं केलंस गं?"

"मी कुठे केलं? पट्टे उलटवायचे हे सोफेवालीनं सुचवलं, मापं मास्तरांनी घेतली. मी आधी घोळ घातला आणि मग उचलताना ओरडले."

"म्हणजे आता माझ्यासारखी झालीस? सगळं विचारून?"

"काहीतरीच," बाई म्हणाल्या. "गुरुवारी विचारत बसले असते तर अजून चिंध्या वाफवत असतो आम्ही."

मालक काठीवर हनुवटी टेकून हसले.

"गोदामवाल्याला आज कळवतो, जागा मिळणार नाही म्हणून. त्या दोन नाट्यगृहांना सोमवारी तू भेटून ये."

"मास्तरांना बरोबर नेईन. सोफेवालीलाही. माप बघायला आणि कापड हाताळायला."

"तुला योग्य वाटेल तसं," मालक म्हणाले. त्यांच्या या वाक्याचा कारखान्यात एके काळी सगळ्यांना कंटाळा आला होता. आज बाईंना ते पुन्हा ऐकावंसं वाटलं.

"बसा ना," मालक म्हणाले. "चहा मागवतो सगळ्यांना."

"बसायला कुठे वेळ आहे? पडद्यापायी चार दिवस गणवेश तसेच पडलेत. चारशे कॉलरी लागायच्या आहेत, सोमवारी शाळेचा माणूस येईल." बाई मागे वळल्या. "मास्तर, चला. वन्सं, तो दोर तिथेच ठेव, तो त्यांचा आहे."

अर्धा दिवस कामाचा होता म्हणून कारखान्यात निम्मी मशीन्स चालू होती. पडदा कसा दिसला हे सातवीनं सगळ्यांना उभ्या उभ्या दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळेला तो जरा जास्तच उंच झाला होता. बाईंनी तिला अडवलं नाही. कोपऱ्यातलं एक मशीन रिकामं होतं, तिथली बाई तापानं घरी होती. मशीनसमोर कॉलरींचा ढीग.

बाईंनी स्टूल ओढलं. दोरा तीन वेळा चुकला, चौथ्यांदा ओवला गेला. त्यांनी पहिली कॉलर सुईखाली सरकवली, टोक जुळवलं आणि पाय दाबला.

"आवाज कमी करा गं जरा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आणि सातवी, तुझ्या कॉलरीचं टोक इतकं सरळ कसं येतं, इकडे येऊन दाखव मला."